एक्केचाळिसावी प्रत

“ठेव! ठेव म्हणतो ना खाली! हात काढ आधी तिच्यावरचा!”

मी स्टुलावर उभा, दोन्ही हात भिंतीवरच्या फ्रेमला, आणि पाठीमागून खाटेवरून बबनभाऊ ओरडत होते. गेले दोन महिने कूस बदलायची तरी ज्या माणसाला लेकीला हाक मारावी लागायची, त्या माणसाचा तो आवाज कान्हे स्टेशनापर्यंत गेला असेल. फलाटावरच्या माणसांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या असतील. सुनंदा, त्यांची एकुलती एक लेक, पिठाचे हात तसेच घेऊन आतून धावत आली. “आबा, काय झालं? काका काच पुसायला नेत्यात फक्त.” “न्हाई न्यायची. हाय तितंच ऱ्हाऊ दे.” मी म्हणालो, “भाऊ, अहो डाग पडलेत काचेला. उद्या सकाळी परत आणून लावतो, माझ्या बापाची शपथ.” “बापाला मधी घालू नको,” भाऊ म्हणाले आणि धाप लागून उशीवर पडले. मी फ्रेम पुन्हा खुंटीला अडकवली, तिरकी झाली होती ती सरळ केली आणि खाली उतरलो. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा काय होतं ते पुढे सांगतोच. भाऊ माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. नवव्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. “काका, आबा गेले.” मी शटराखाली वाकलेला तसाच राहिलो... समोरचा चिक्कीवाला येऊन म्हणाला, पाठीत लचक भरली का? मी हो म्हणालो.

त्याला आता पाच आठवडे झाले. माझं लोणावळ्याच्या बाजारात फ्रेमचं दुकान आहे. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सत्काराची मानपत्रं, हार घालायला लागतात ते फोटो, असं सगळं गेली पस्तीस वर्षं मी काचेआड बसवतो. थापाड्या म्हणून माझी कीर्ती म्हणाल तर खोपोलीच्या वेशीपासून देहूरोडच्या सिग्नलपर्यंत आहे. घाटातल्या बोगद्यात मी वाघाला बॅटरी दाखवली आणि त्यानं डोळे चोळत मला वाट दिली, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की आता तो वाघच कुठे भेटला तर साक्ष देईल. तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही सावध राहिलात तर माझी हरकत नाही. फक्त शेवटी-शेवटी तेवढं सावध राहू नका.

बबनभाऊ शिळाछापाचे कारागीर होते. चार बोटं जाड, लोण्यासारखा गुळगुळीत दगड. त्यावर चरबीच्या खडूनं चित्र काढायचं, डिंक-तेजाबानं ते पक्कं करायचं, मग ओल्या बोळ्यानं दगड पुसून शाईचा रूळ फिरवायचा. जिथं चरबी तिथं शाई धरते, जिथं पाणी तिथं धरत नाही. वर कागद ठेवून दाबयंत्राखालून काढला, की चित्र उमटतं. मला हे चार वेळा समजावूनही समजेना, तेव्हा भाऊ म्हणाले होते, “त्याल अन् पानी रं. नवरा-बायकूवानी. एकमेकात मिसळत न्हाई, पन एका दगडावर नांदतंय.” त्यांचे वडील आमच्याच भागातल्या एका जुन्या शिळाप्रेसात दगड घासायला होते. तो प्रेस बंद पडून जमाना झाला. त्याचे दगड मावळभर पांगले, कुणाच्या न्हाणीत गेले, कुणाच्या उंबऱ्याला लागले. परंदवडीत एक म्हैस आजही सरस्वतीच्या वीणेवर उभी राहून रवंथ करते, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. भाऊ बाजूला बसलेले असले तर शांतपणे म्हणायचे, “म्हस न्हाई. बैल हाय तो.”

वडिलांचा हात भाऊंकडे आला. काही वर्षं ते पुण्यात लेबलं छापायच्या कारखान्यात होते. तोही मिटला, तसे कान्ह्याला परत येऊन भात लावू लागले. मग खंडाळ्याच्या एका बंगल्यात एक चित्रकार बाई राहायला आल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणत आलो. त्यांनी कुठून तरी एक जुनं दाबयंत्र आणि पंधरा-वीस दगड जमवले होते, पण दगड घासणारा माणूस मिळेना. शोधत-शोधत त्यांची गाडी थेट भाऊंच्या खाचराच्या बांधाशी येऊन थांबली. भाऊ गुडघाभर चिखलात. मॅडमनी विचारलं, “दगड घासता येतो?” भाऊ वरही न बघता म्हणाले, “आवण आटपू द्या.” मॅडम भातलावणी उरकेपर्यंत पंधरा दिवस थांबल्या. मी हे रंगवून सांगताना महिनाभर थांबल्या असं सांगतो, पण पंधराच.

घासताना भाऊ बोलत नसत. दगडावर वाळू आणि पाणी, त्यावर दुसरा दगड, आणि तो गोल-गोल फिरवत राहायचा. वाळू कधी बदलायची ते त्यांना आवाजावरून कळायचं. मॅडमच्या फ्रेमा घेऊन मी खंडाळ्याला जायचो आणि त्या घर्र-घर्र आवाजावर स्वार होऊन गप्पा ठोकायचो. एकदा सलग तासभर बोललो. हात न थांबवता भाऊंनी विचारलं, “दिनू, ह्यातलं खरं किती?” म्हटलं, “चार आणे.” “मंग चार आणेच सांग की. च्या गार झाला माजा.”

आता ते चित्र. मॅडमना मुंबईहून कुणी संग्राहक मंडळींनी सुचवलं होतं, की शृंगाराचा विषय घ्या, मोजक्याच प्रती काढा. मॅडमनी आधी गवाक्षातली राणी काढली, मग झुल्यावरचं जोडपं काढलं. भाऊंनी दोन्ही दगड घासून स्वच्छ करून दिले, कारण मॅडमना स्वतःलाच ती पटेनात. तिसरं सापडलं ते दुपारच्या जेवणाला. छपाईच्या दिवशी भाऊंचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. हात धुवायचे म्हणजे अर्धा तास, आणि तेवढ्यात दगड वाळून चित्र बिघडणार. म्हणून छपाईच्या दिवशी शेवंतावहिनी कान्ह्याहून भाकरी घेऊन यायच्या आणि नवऱ्याला स्वतःच्या हातानं भरवायच्या. भाऊ दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे, पंख वाळत घातलेल्या पाणकावळ्यासारखे, आणि वहिनी घास भरवता-भरवता तोंडानं उद्धार करतायत, “चावा की नीट, गिळताय काय अजगरावानी?” मॅडमनी तिथल्या तिथं खडू उचलला आणि थेट दगडावर ते दोघं काढले. चित्राचं नाव ठेवलं, ‘घास’.

पण घाईत मॅडम एक विसरल्या. दगडावर काढलेलं कागदावर उलटं येतं. पहिली प्रत निघाली तर वहिनी नवऱ्याला डाव्या हातानं भरवतायत. वहिनींनी ते बघितलं मात्र, बंगला डोक्यावर घेतला. “डाव्या हातानं घास? माज्या आईनं काय ह्येच शिकवलं व्हय मला? अवो, पुसा ते आदी!” मॅडम म्हणाल्या, कलेत चालतं तसं. “तुमच्या कलेत चालत आसंल, आमच्या घरात न्हाई चालत.” मॅडमनी मान खाली घातली, भाऊंनी हसत-हसत दगड घासला, आणि चित्र नव्यानं, उलट्या बाजूनं काढलं गेलं. मोठमोठ्या दिवाणखान्यांत आज जी प्रत लागलेली आहे ती वहिनींनी मंजूर केलेली आहे, हे त्या मालकांना ठाऊक नाही. पहिल्या नमुन्याचं ठीक होतं, पण ढीगभर छापायला भाऊ तयार होईनात. “माजं थोबाड मीच छापू? लोकं काय म्हनतील?” वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “छापा. माजं नाक बरं काढलंय, हाय त्याच्यापरीस.”

चाळीस प्रती निघाल्या. प्रत्येकीच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर मॅडमनी पेन्सिलीनं क्रमांक घातला, सही केली. मग रिवाजाप्रमाणे दगड पुसायचा. एकदा ठरलेल्या प्रती निघाल्या की चित्र दगडावर ठेवायचं नाही, म्हणजे एक्केचाळिसावी कुणी काढून विकणार नाही. त्या दिवशी मी स्वतः तिथे होतो, आणि हे सोळा आणे खरं आहे. भाऊंनी वाळू टाकली, पाणी शिंपडलं आणि घासायला लागले. आधी त्यांचे स्वतःचे हात गेले, मग धड गेलं, भाकरी गेली. वहिनींच्या चेहऱ्यापाशी आले आणि हात थांबला. मी त्यांना इतकी वर्षं बघत होतो, हात मध्येच थांबलेला कधी बघितला नव्हता. वहिनी कोपऱ्यात डबा बांधत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पुसा की. थांबलाव कशापायी? मी हाय की घरी.” आणि भाऊंनी पुसलं.

मला फ्रेमा पोचवायच्या होत्या म्हणून मी तिथून निघालो. त्यानंतर काय झालं ते मला खूप पुढे मॅडमकडून कळलं. एक प्रत छापणाऱ्याची असते, असाही त्या धंद्यात रिवाज आहे. तिला क्रमांक नसतो. तशी आधीच काढून ठेवलेली प्रत भाऊंपुढे ठेवून मॅडमनी पेन्सिल वहिनींच्या हातात दिली. “हिच्यावर सही तुमची.” वहिनी तेव्हा गावातल्या बायकांच्या अक्षरवर्गाला जात होत्या. दीड महिना झाला होता आणि वर्ग साध्या अक्षरांपर्यंतच आला होता. स्वतःच्या नावात मात्रा, टिंब, काना असा सगळा बाजार, तो अजून शिकवलेला नव्हता. बराच वेळ विचार करून, पेन्सिल दाबून-दाबून त्यांनी तीन अक्षरं काढली. डोंगरावरून उतरणाऱ्या शेळ्यांसारखी ती ओळीनं खाली-खाली गेली, असं मॅडम म्हणाल्या. ‘बबन’. जी बाई तीस वर्षं ‘अवो’ आणि ‘सुनंदाचं आबा’ यापलीकडे गेली नाही, लग्नाकार्यात उखाण्यात अडकवून एकदा-दोनदा काय ते नाव तोंडातून निघालं असेल, तिनं ते असं कागदावर उघडं ठेवून दिलं. भाऊ बघत राहिले आणि बाहेर दरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मॅडमनी विचारलं, “काय झालं हो?” “काय न्हाई. धुकं बघतोय.” मॅडम मला म्हणाल्या, “ऐन मे महिना होता. धुकं कुठलं आलंय?”

ती प्रत दोन प्लायवूडच्या मध्ये ठेवून, धोतराच्या फडक्यात बांधून भाऊ माझ्याकडे घेऊन आले. लिहिलेल्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. लाजले असणार. फक्त म्हणाले, “जपून कर. एकच हाय.” मी छाती पुढे काढून म्हणालो, “भाऊ, ही फ्रेम माझ्यातर्फे. आयुष्यात केली नसेल अशी करतो.” दुकानात एक सागवानी, सोनेरी काठाची झकास फ्रेम पडून होती. एका उमेदवाराच्या विजयाच्या फोटोसाठी आगाऊ केलेली, आणि तो सपाटून पडला होता. चित्र तिच्यात बसत होतं, फक्त खाली चार बोटं कागद जास्त होता, तो कोराच असणार असं मी धरलं. आमच्या धंद्यात चित्राला हात लागू नये म्हणून ते स्वच्छ कागदावर पालथं घालतात आणि मागच्या बाजूनं मापून कापतात. पस्तीस वर्षांत मी लाखभर कोऱ्या पट्ट्या तशा कापल्या असतील. ही एक पट्टी मी उलटून बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ आले. फ्रेम समोरच लावली होती, वर दिवा सोडला होता. त्यांनी आधी वरून खाली बघितलं, मग खालीच बघत राहिले. “दिनू, खालचं पांढरं कुटंय?” “पांढरं होय? का हो?” “त्यावर लिवलंय.” “काय लिहिलंय?” भाऊंचे कान लाल झाले. “तिनं लिवलंय.” माझं काळीज घोट्यापर्यंत उतरलं, पण जीभ... जीभ तिच्या नेहमीच्या जागी होती. ती म्हणाली, “आत आहे की! काठाच्या मागे दुमडून घेतलंय. जपानी पद्धत आहे ही भाऊ. किमती चित्राचं लिखाण उजेडाला ठेवत नाहीत, पेन्सिल उडते. पाकिटातल्या पत्रासारखं सुरक्षित आहे. फक्त उघडायचं नाही.” भाऊंनी माझ्याकडे बघितलं. ते नेहमीचं ‘खरं किती?’ विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. विचारतील तर सांगू, असंही मनात आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. फ्रेम फडक्यात बांधली आणि उराशी धरून स्टेशनाकडे गेले. वहिनी म्हणाल्या म्हणे, “आत हाय तेच बरं. न्हाईतर येनारं-जानारं वाचंल.”

ते गेल्यावर मी पळत घरी गेलो. दुकानातल्या कापलेल्या पट्ट्या आमच्या घरी बंब पेटवायला जातात. लोणावळ्याच्या गारठ्यात बंबाला बारमाही खाद्य लागतं. बायको म्हणाली, “कालचं पोतं आज सकाळीच संपवलं की. तुम्हीच नाही का दोन-दोन बादल्या घेतल्या?” शेवंतावहिनींच्या तीन अक्षरांवर तापलेल्या पाण्यानं मी अंघोळ केली होती, आणि वर गाणंही म्हटलं होतं.

चार वर्षांनी वहिनी गेल्या. कावीळ झाली, आठ दिवसांत खेळ आटपला. घरात त्यांचा धड फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावरचा होता, तो पोलिसांनी पकडून आणलेल्या बाईचा वाटे. तेरावं झालं आणि भाऊ दुकानात आले. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. “दिनू, उघडतोस का ती? एकदा बघतो, अन् लगीच बंद कर.” बाहेर पाऊस कोसळत होता. मी म्हणालो, “भाऊ, आत्ता? आत्ता उघडली तर आत जी बुरशी शिरेल ती वहिनींचा चेहरा खाऊन टाकेल. लोणावळ्याची बुरशी म्हणजे काय... एका कर्नलसाहेबाच्या आख्ख्या पलटणीचा फोटो होता, तीन दिवसांत निम्मे शिपाई शहीद!” भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले. “तू म्हनतोस तर.”

थंडीत आले, तर थंडीत काच आकसते, काढताना तडकते, असं शास्त्र मी काढलं. उन्हाळ्यात आले, तर उकाड्यानं सरस सुटतो. पुन्हा पावसाळा, पुन्हा बुरशी. वर्षातून दोन-तीनदा, सात वर्षं. दरवेळी तेच विचारायचे, तितक्याच हळू, “उघडायची का रं?” आणि दरवेळी मी नवीन कहाणी रचायचो. एरवी माझी एकही गोष्ट पुरी होऊ न देणारा माणूस ती शेवटपर्यंत ऐकायचा, चहा गार होईपर्यंत. मला वाटायचं, बायको गेल्यापासून म्हातारा मऊ झाला. कधी-कधी मी बोलायचं थांबलो तरी ते बघत राहायचे, अजून काही यायचं राहिलंय असं. मी मग आणखी एखादा कर्नल आणायचो.

एकदा खंडाळ्यात एका बंगल्यात फ्रेमा टांगायच्या होत्या, पाच-सहा जड नग. भाऊ सहज आले होते, म्हणाले, चल, हात लावतो. दिवाणखान्यात शिरलो आणि समोर ‘घास’. सतरावी प्रत. बंगल्याचे मालक हौशी आणि सज्जन गृहस्थ. भाऊ बघतायत म्हटल्यावर त्यांना समजावून सांगायला लागले, “हे शेतकरी जोडपं आहे बरं का. श्रम आणि प्रेम. जगात चाळीसच आहेत, दगड पुसून टाकलाय.” भाऊ म्हणाले, “व्हय.” “पुन्हा होणे नाही.” “न्हाई,” भाऊ म्हणाले. मग त्यांनी हळूच बोट पुढे नेलं. काचेला लावलं नाही, जरा अलीकडेच ठेवलं, आणि चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. परतीच्या रिक्षात लोणावळ्याची घरं दिसेपर्यंत ते बाहेर बघत बसले. मग म्हणाले, “त्यांनी पांढरं ठेवलंय सगळं.” मी रिक्षावाल्याशी टोलनाक्याच्या गर्दीविषयी बोलायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी भाऊंनी खाट धरली, तेव्हा मात्र माझी झोप उडाली. मॅडमकडे गेलो. त्याही आता थकल्यात, दाबयंत्रावर चादर पडली आहे. म्हटलं, कशीही करून मला अजून एक प्रत द्या. त्या म्हणाल्या, “दगड पुसलाय दिनकरराव. तुम्हीच होतात ना तिथे?” आणि मग म्हणाल्या, “प्रत मिळाली तरी त्यावर ते कुठून आणाल?” तेव्हा त्यांनी त्या दिवशीची सगळी हकिगत सांगितली, शेळ्यांसकट. मी त्याच कागदाचा एक तुकडा मागून आणला. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. घरी बसून मी वहिनींची तीन अक्षरं काढायला लागलो, जी मी जन्मात बघितली नव्हती. उजव्या हातानं फार सराईत यायची, म्हणून डावा हात धरला. तीन वह्या भरल्या, यात एक पानही वाढवून सांगत नाही. ‘ब’ जमायचा, दुसरा ‘ब’ जमायचा, ‘न’ माझाच यायचा. अखेर एक पट्टी बरी साधली. ती खिशात घालून मी कान्ह्याला गेलो. बेत असा, की काच पुसायच्या निमित्तानं फ्रेम घरी न्यायची, पट्टी आत बसवायची, आणि दुसऱ्या दिवशी भाऊंसमोर उघडून दाखवायची. मरायच्या आधी त्यांनी ते बघावं, एवढंच. त्या दिवशी स्टुलावर माझ्या खिशात होतं ते हे. आणि भाऊ ओरडले ते ऐकून मला वाटलं, बायकोची तसबीर घराबाहेर जाऊ नये म्हणून ओरडतायत.

मी दहाव्याला गेलो, तेराव्याला गेलो, पण माणसं होती. गेल्या आठवड्यात दुपारी एकटाच गेलो. भाऊंची खाट उभी करून भिंतीला लावलेली. भिंतीवर ते दोघं, तो हात पसरून उभा, ती घास धरून. खाली लगेच फ्रेमचा सोनेरी काठ सुरू होतो, मध्ये काहीच नाही... इतकी वर्षं मी त्या घरात गेलो की तिकडे बघायचं टाळत होतो, त्या दिवशी उभा राहून बघितलं. सुनंदा पडवीत सुपात इंद्रायणी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पालथं घालून कापलेलं, बंबाचं, जपानी पद्धतीचं, कर्नलसाहेबाचं, डाव्या हाताच्या वह्यांचं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशी घडली तशी, एवढीच्या एवढी सांगत होतो, आणि सांगताना ती फार लहान वाटत होती. शेवटी खिशातली पट्टी काढून सुपाच्या कडेला ठेवली. म्हटलं, “पोरी, तुझे आबा ते अक्षर आत आहे असं समजून गेले. माझ्यामुळे.”

सुनंदानं पट्टीकडे बघितलं. तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाली,

“आबांनी उघडलीवती ती फ्रेम. आई गेली त्याच पावसाळ्यात. परत बसवायला बारके खिळे तुमच्याच दुकानातनं आणलेवते.”